चित्रासमोरील सामूहिक काव्यरचना : एक विचार

संगमेश्वर परिसरातील जाखडीत समूहाने गाण्याची रीत जुनी आहे. शाहीर ओळ उचलतो, मागचे साथीदार तीच ओळ धरतात. तथापि एकत्र गाणे आणि एकत्र रचणे यांत भेद आहे. पहिल्यात एकाचे शब्द अनेकांच्या मुखी येतात. दुसऱ्यात अनेकांची दृष्टी एका रचनेत यावी लागते. तेथील एखाद्या विहारात चार कवी एका चित्रासमोर बसून कविता रचू लागले, तर तिची कसोटी कोणती, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

उदाहरणादाखल अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यातील चित्र घेऊ. कोकणातून अजिंठा दूर असला, तरी त्याची छापील प्रत अनेकांच्या परिचयाची आहे. हाती भिक्षापात्र घेतलेले तथागत भव्य आकारात उभे आहेत. समोर यशोधरा आणि राहुल लहान आकारात, वर पाहत आहेत. एकटा कवी बहुधा यशोधरेच्या विरहापाशी थांबतो. परंतु विनयपिटकातील महावग्गानुसार राहुल वारसा मागतो, आणि त्याला प्रव्रज्या मिळते. नातू गेल्याच्या दुःखाने शुद्धोदन विनंती करतो, आणि मातापित्यांच्या अनुमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम होतो. म्हणजे या एका प्रसंगात माता, पुत्र, पितामह आणि शास्ता अशा चार दृष्टी आहेत. चौघांनी मिळून लिहिण्याचे प्रयोजन येथेच सिद्ध होते.

मात्र समूहाला एकमताचा मोह असतो. संसदीय कार्यपद्धती भिक्षुसंघाला ज्ञात होती, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले. महत्त्वाच्या कर्मात संघापुढे प्रस्ताव मांडून तीनदा विचारणा होई, आणि त्यानंतरचे मौन ही संमती मानली जाई. कवींनीही प्रत्येक ओळीविषयी असे विचारावे. पण ठराव मतभेद मिटवतो. कवितेने तो जपला पाहिजे. यशोधरेच्या बाजूने लिहिणाऱ्याचा आक्षेप केवळ कविता एकसंध व्हावी म्हणून गाळला गेला, तर चौघांनी लिहूनही ती एकाचीच ठरते. जपानी साखळी-काव्यात प्रत्येक कवी आधीच्या कडव्याशी नाते जोडून पुढे सरकतो. चित्रासमोरील कवींना मात्र प्रत्येक कडव्यानंतर चित्राकडे परतावे लागते. चित्रात ज्याला आधार नाही, ती ओळ सर्वांना आवडली तरी टिकू नये.

शेवटी नावांविषयी. १६ व्या लेण्याचा दाता, वाकाटक हरिषेणाचा सचिव वराहदेव, शिलालेखामुळे आपणांस ठाऊक आहे. १७ व्या लेण्यातील हे चित्र रंगविणारे हात अनामच राहिले. समूहाची कविता म्हणून नावे गाळणे वरकरणी उदात्त वाटते. परंतु ज्यांच्या पूर्वजांच्या श्रमांची नोंद शतकानुशतके झालीच नाही, त्यांनी अनामिकतेला इतक्या सहज त्याग समजू नये. अशा कवितेखाली चौघांचीही नावे असावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.