हेड कॅशियरचा समुद्र

चित्रकार म्हटला की दाढी, झब्बा आणि थकलेले घरभाडे, अशी आमची समजूत. एल. एस. लाउरी (१८८७–१९७६) हा मँचेस्टरकडचा गृहस्थ उलट लोकांकडूनच भाडे वसूल करी! एकाच कंपनीत १९१० पासून खर्डेघाशी करून १९५२ साली हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाला. अंथरुणाला खिळलेली आई झोपली की रात्री चित्रे. आणि नोकरी समीक्षकांपासून लपवलेली. 'रविवारचा चित्रकार' म्हणतील ही धास्ती. (आमच्या बँकेत कवी मंडळी कविता साहेबांपासून लपवतात.)

गिरण्या, धुराडी आणि भोंग्याबरोबर सुटलेली काडीसारखी माणसे, ही त्याची ख्याती. रंग मोजून पाच. पण मला विचाराल तर खरा लाउरी त्याच्या समुद्रात भेटतो. वर करडे आभाळ, खाली करडे पाणी, मधे एक रेघ. होडी नाही, चिटपाखरू नाही. पुस्तकातले असले एक चित्र पाहून आमची ही म्हणाली, "यात काढलंय काय?" मी म्हटले, "सगळंच. गिरणी काढली, माणसं काढली, उरलं ते हे."

गिरणीच्या चित्रांना ती हसली होती. इथे मात्र बराच वेळ गप्प बसली. आमच्या घरात ही फार मोठी दाद समजतात.