भुयार आणि पाताळ : कल्पित भूगर्भातील दिशाविचार

कोल्हापूरनजीकच्या पन्हाळगडावर अंधारबाव नावाची तीन मजली वास्तू आहे. तिच्या तळाशी पाणी असून मधल्या मजल्यावरून तटाबाहेर पडण्याची चोरवाट आहे. अशा वाटेने जाणाऱ्यास धैर्य लागते. दिशाज्ञान लागत नाही, कारण वाट एकच असते. कथावाङ्‌मयातील भुयारांचेही बहुधा असेच असते. परंतु लेखक जेव्हा भूगर्भात भुयाराऐवजी एक समग्र जग कल्पितो, तेव्हा तेथे वाटांना फाटे फुटतात आणि सूर्य व तारे यांच्या अभावी दिशा कशाने ओळखावयाची, हा प्रश्न उभा राहतो. त्या जगाची विश्वसनीयता पुष्कळ अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

हा भेद महाभारतकारांनी जाणला होता असे दिसते. आदिपर्वात वारणावतास निघालेल्या युधिष्ठिराला विदुर गूढ भाषेत सुचवितो की, वाटा हिंडण्याने कळतात आणि दिशा नक्षत्रांवरून. पुढे लाक्षागृहाखालील भुयारातून पांडव निसटतात, तेव्हा त्या उपदेशाचा उपयोग भुयारात होत नाही. तो बाहेरच्या अरण्यात, रात्री ताऱ्यांवरून दक्षिणेकडे जाताना होतो. भुयार हे तेथे केवळ पलायनाचे साधन आहे.

उत्तंकाच्या आख्यानातील नागलोक मात्र खरोखर जग आहे. तक्षकाने पळविलेली कुंडले परत मिळविण्यासाठी उत्तंक तेथे उतरतो. तेथे त्याला काळ्या व पांढऱ्या धाग्यांनी वस्त्र विणणाऱ्या दोन स्त्रिया आणि सहा कुमार फिरवीत असलेले चक्र दिसते. धागे म्हणजे रात्र व दिवस आणि कुमार म्हणजे ऋतू, हा उलगडा नंतर गुरू करतात. गुरुपत्नीने नेमून दिलेल्या वेळेत उत्तंकास परतावयाचे आहे. म्हणूनच सूर्यहीन लोकात काळाचे हे दृश्य रूप अर्थपूर्ण ठरते. दिशा हरपली की काळाचे भानही हरपते, हे मर्म येथे प्रतिमेच्या द्वारे आले आहे.

अशा जगाची दिशाव्यवस्था तपशिलाने रचण्याचे श्रेय ज्यूल व्हर्नकडे जाते. भा. रा. भागवतांनी त्याच्या अद्भुतकथा मराठीत आणल्या. पृथ्वीच्या पोटातील प्रवासाच्या १८६४ च्या कादंबरीत विवराचे द्वार शिखराच्या सावलीवरून ठरते. आकाशाने दिलेली ती शेवटची खूण होय. पहिल्याच फाट्यावर लिडेनब्रॉक काही आधार नसता पूर्वेची वाट धरतो, आणि त्या चुकीचे मोल सर्वांना तहानेने चुकवावे लागते. पुढे ओढा वाटाड्या बनतो. तो सुटताच अ‍ॅक्सेल एकाकी पडतो. मग खडकातून येणाऱ्या आवाजाच्या जाण्यायेण्यास ४० सेकंद लागतात, आणि त्यांच्या निम्म्यावरून काकापर्यंतचे अंतर काढले जाते. डोळे निरुपयोगी झाल्यावर कान उपयोगी पडतो.

भूगर्भसमुद्रावरील वादळात अग्निगोलकामुळे होकायंत्राची सुई उलटते. प्रवाशांस हे कळते ते परतल्यावरच. परंतु कारण वाचकापुढे आधीच मांडलेले असते, म्हणून फसवणूक झाल्याची भावना होत नाही. याउलट, शेवटी लाव्ह्याच्या लोंढ्याने प्रवासी स्ट्रॉम्बोलीच्या मुखातून आपोआप वर फेकले जातात. आत शिरण्यास सावली, अक्षरे व गणित लागावे आणि बाहेर पडण्यास काहीच लागू नये, हा रचनेतील दोष मानावा लागतो. प्रसंग चित्तथरारक आहे. पण मिळविलेले दिशाज्ञान तेथे वाया जाते.

तात्पर्य, कल्पित पाताळाचा नकाशा ग्रंथारंभी छापल्याने ते जग सिद्ध होत नाही. पात्राच्या इंद्रियांना प्रतीत होईल अशी खूण हवी, तिच्या चुकण्यास कारण हवे आणि चुकीला किंमत हवी. ही अट पाळली नाही तर पाताळाचे पुन्हा भुयार होते, आणि वाचक अंधारात लेखकाचे बोट धरून चालतो. स्वतः वाट शोधीत नाही. मराठीत भूगर्भलोक रचू पाहणाऱ्या लेखकाने उत्तंकाचे आख्यान या दृष्टीने पुन्हा वाचणे फलदायी ठरेल.