वसईचा तट आणि मुरबाडची एस.टी.

आमच्या शहापूर-मुरबाडकडचे हौशी छायाचित्रकार सुट्टीला वसई गाठतात आणि किल्ल्याच्या भग्न कमानींत मावळता सूर्य पकडून आणतात. चित्रे सुबक असतात, पण सारी एकाच साच्यातली. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ साली मोठी किंमत मोजून घेतलेला तो तट त्यांत निव्वळ देखावा होऊन बसतो.

एस.टी.चीही तीच गत. माळशेजच्या धुक्यातली लाल गाडी देखणी दिसते खरी. परंतु तिच्या खिडकीतले चेहरे कुठे गेले? शहापूरला आसनगावचे स्टेशन तरी जवळ आहे. मुरबाडकराची भिस्त मुख्यतः रस्त्यावर. भाजीची पाटी सांभाळणारी बाई, मांडीवर दप्तर घेतलेले पोर, यांना वगळून काढलेली एस.टी. मला रिकामीच वाटते.

सातवाहनकाळी सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल मुरबाडच्याच मुलखातून नाणेघाट चढून जुन्नरला जाई. समुद्राचे आणि आमचे नाते असे जुने आहे. १९४८ साली सुरू झालेली एस.टी. त्याच वाहतुकीची वारसदार. हे नाते एकाही चित्रात दिसू नये, याची मला खंत वाटते.

तेव्हा मित्रहो, वसईला जरूर जा. पण आधी वैशाखऱ्याच्या थांब्यावर घटकाभर बसा आणि गाडीची वाट पाहणारी माणसे टिपा.