सर्कलची रेषा आणि माणसाची भाषा

‘सामाजिक संस्था व्यक्तीला घडवितात’ हे विधान आपल्या अभ्यासवर्गांत इतक्या वेळा उच्चारले जाते की, ते तपासून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. राज्य, शाळा, कुटुंब, जात, बाजार ही नावे एका दमात घेतली जातात. परंतु यांपैकी कोणती संस्था व्यक्तीच्या कोणत्या अंगाला आणि कोणत्या मार्गाने स्पर्श करते, हा प्रश्न तसाच राहतो. प्रस्तुत लेखात तो भाषेपुरता व देगलूर या एका तालुक्यापुरता विचारावयाचा आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अधिनियम अमलात आला आणि नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. मात्र तो सगळा आला नाही. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे, म्हणजे बोलीतील ‘सर्कल’, वगळण्यात येऊन आंध्र प्रदेशाकडे गेली. आज ती तेलंगणाच्या कामारेड्डी जिल्ह्यात आहेत. बीदर जिल्हाही असाच विभागला गेला. त्याचे अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मराठवाड्याला जोडले गेले. मंडळ हे वस्तुतः महसुलाच्या देखरेखीसाठी केलेला गावांचा गट. जमिनीच्या कारभाराचे हे एकक त्या दिवशी भाषेचे माप ठरले.

या रेषेमागील गृहीत असे की, भाषेचा प्रदेश आधीच सिद्ध असतो व राज्य त्याला केवळ मान्यता देते. देगलूरच्या बाबतीत हे गृहीत अपुरे पडते. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या चार भाषा येथे एकाच बाजारात नांदत आल्या आहेत. १९४८ पर्यंत राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच होते. अशा ठिकाणी ‘मराठी गाव’ व ‘तेलुगू गाव’ हा भेद जितका रेषेच्या आधीचा, तितकाच रेषेनंतर शाळेने, कचेरीने व नोकरीने पक्का केलेला आहे. काल एकाच तहसिलीत अर्ज देणाऱ्या दोन शेतकऱ्यांची मुले आज दोन निराळ्या लिप्या गिरवितात, आणि नातवंडांस तो फरक रक्तातलाच वाटू लागतो. आपली कृती निसर्ग म्हणून भासविता येणे, हीच संस्थेची खरी शक्ती होय.

येथे एक आक्षेप संभवतो. भाषिक राज्यामुळे सामान्य मनुष्यास स्वभाषेत शिक्षण व न्याय मागता आला, हा लाभ थोर नव्हे काय? निःसंशय आहे; परक्या भाषेतील कागदापुढे मुक्याने उभे राहणे काय असते, हे मराठवाड्याला सांगावयास नको. आक्षेप रेषेला नाही. रेषेलाच वस्तुस्थिती समजण्याला आहे.

आणि या दोषातून आपले शास्त्रही मुक्त नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. परंतु हैदराबाद संस्थान त्या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर राहिले होते. जनगणनेच्या पत्रकात मातृभाषेसाठी एकच नाव बसते. इतर भाषा केवळ ‘अवगत’ म्हणून खालच्या पायरीवर जातात. उलट, सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील कन्नड, मराठी व उर्दू यांविषयी गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ साली दाखविले ते असे की, घर व जात यांनी शब्द वेगळे राखले, तर नित्य व्यवहाराने वाक्यरचना जवळजवळ एक केली. म्हणजे एका संस्थेने विभागलेले दुसरी जोडीत असते. ‘संस्था घडवितात’ या एकवचनी सिद्धान्तात हा विरोध सामावत नाही.

शेवटी आपल्या दाराशी यावे. काही वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेत एक विद्यार्थी म्हणाला, ‘मी तेच सांगायलोय.’ प्रस्तुत लेखकाने त्याला मध्येच थांबवून ‘सांगतो आहे’ असे म्हणावयास लावले. तो सुधारला, पण पुढे बोलला ते बेताचेच. ‘सांगायलोय’, ‘करायलास’ ही रूपे अपभ्रष्ट नव्हेत. चालू क्रिया दर्शविणारी ती नियमबद्ध रूपे आहेत, आणि हे वर्गात शिकविणाराच परीक्षक झाल्यावर विसरला. महसुली मंडळाने १९५६ साली जे गावांचे केले, तेच आपण त्या खोलीत एका वाक्याचे केले.

म्हणून सीमेवरील बोलींचे संकलन करणाऱ्या विद्यार्थ्यांस एवढेच सुचवावयाचे की, राज्याची सीमा ही बोलीची सीमा आहे असे आरंभीच धरू नये. ‘तुमची मातृभाषा कोणती?’ या एका प्रश्नावर न थांबता, घरात, शेतात, बाजारात व कचेरीत कोणाशी काय बोलता, हे विचारावे. आणि उत्तर येत असता मध्येच ते सुधारू नये.