'प्रतिस्थापन' या संज्ञेची मर्यादा

लायसोझोम-संचय-विकारांवरील उपचारास 'विकर-प्रतिस्थापन' ही संज्ञा रूढ झाली आहे. पेशीतील लायसोझोम या पाचक कोशिकेतले एखादे विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मतः सदोष असले, की त्याने विघटित करावयाचे द्रव्य साचत जाते. तेव्हा निर्दोष विकर बाहेरून पुरवावे, असा हा विचार. क्रिस्तियाँ द ड्यूव यांनी १९६४ मध्ये ही शक्यता सूचित केली होती. तथापि पुढील इतिहास पाहता ही संज्ञा अर्धीच गोष्ट सांगते, असे म्हणावे लागते.

'प्रतिस्थापन' या शब्दात रिकामी जागा भरण्याची कल्पना आहे. त्या जागेपर्यंत पोहोचावे कसे, याची सूचना नाही. गोशे-विकाराचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यात ग्लुकोसेरेब्रोसाइड हे मेदद्रव्य मुख्यतः महाभक्षी पेशींत साचते. रॉस्को ब्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी वारेतून काढलेले विकर शिरेवाटे दिले, तेव्हा त्याचा बराचसा अंश यकृतपेशींनीच उचलला. विकर निर्दोष होते. पत्ता चुकीचा होता. पुढे त्याच्या शर्कराशृंखलांच्या टोकांचे घटक क्रमाने काढून मॅनोज उघडे करण्यात आले. महाभक्षी पेशींवरील ग्राहकाला ही खूण पटली आणि १९९१ मध्ये अमेरिकेत हे औषध संमत झाले. पाँपे-विकारात खूण निराळी, तत्त्व तेच. तेथे स्नायुपेशीत प्रवेश मिळतो तो मॅनोज-६-फॉस्फेटमुळे. म्हणून २००६ च्या औषधानंतर २०२१ मध्ये आलेल्या औषधात या खुणेचेच प्रमाण वाढविलेले आहे.

संज्ञेची खरी उणीव मेंदूपाशी उघडी पडते. शिरेतून दिलेले सामान्य विकर रक्त आणि मेंदू यांमधील अडसर ओलांडत नाही. गोशे-विकाराच्या मज्जासंस्थेस ग्रासणाऱ्या प्रकारांत त्यामुळे वाढलेली प्लीहा लहान होते, रक्त सुधारते. मेंदूचा ऱ्हास मात्र थांबत नाही. यावर दोन मार्ग निघाले. सीएलएन-२ विकारासाठी २०१७ पासून विकर थेट मेंदूच्या पोकळीत सोडले जाते. तर हंटर-विकारासाठी जपानने २०२१ मध्ये संमत केलेल्या औषधात विकरास अशा प्रतिपिंडाची जोड आहे, की जे ट्रान्सफेरिनच्या ग्राहकास चिकटून अडसरापलीकडे जाते.

हा दोष केवळ शाब्दिक नव्हे. प्रतिस्थापन झाले, असे ऐकणारे आईबाप पूर्ण भरपाईची आशा धरतात; प्रत्यक्षात बहुधा दर आठवड्यास वा पंधरवड्यास ते विकर पुन्हा द्यावे लागते, आणि तरीही शरीराचा एखादा भाग वंचित राहतो. रूढ संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही. मात्र ती उच्चारताना 'किती दिले?' याबरोबर 'कोठे पोहोचले?' हेही विचारले गेले पाहिजे. आजवरची सुधारणा मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नातूनच झालेली आहे.