वेढा उठल्यानंतरची परीक्षा : हिज्कीया राजाच्या कथेचे एक वाचन

बायबलच्या जुन्या करारात यहूदाचा राजा हिज्कीया याची कथा तीन ठिकाणी येते : '२ राजे' (अध्याय १८ ते २०), 'यशया' (अध्याय ३६ ते ३९) आणि '२ इतिहास' (अध्याय ३२). संकटात देवावर भिस्त ठेवणारा राजा म्हणून प्रवचनांतून त्याचा दाखला नेहमी दिला जातो. आणि कथा बहुधा अश्शूरी सैन्य माघारी फिरते तेथेच संपविली जाते. मूळ संहिता मात्र तेथे संपत नाही. वेढ्यानंतर येणारा प्रसंग वगळला, तर या कथेच्या रचनेचे मर्मच हातून निसटते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम वेढ्याचा प्रसंग पाहू. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदावर स्वारी केली. 'राजे'चा ग्रंथकार येथे एक अडचणीची गोष्ट सांगतो. हिज्कीयाने प्रथम शरणागती पत्करली, आपले चुकले असा निरोप लाखीश येथे धाडला, आणि तीनशे किक्कार रुपे व तीस किक्कार सोने भरण्यासाठी मंदिराच्या दारांवरचे सोनेही काढून दिले. सन्हेरीबाच्या कोरीव लेखातही सोन्याचा आकडा तीसच आहे. रुप्याचा मात्र आठशे. 'यशया' व 'इतिहास' यांनी हा खंडणीचा भाग गाळला आहे. श्रद्धावान राजाची प्रतिमा निष्कलंक राहावी म्हणून तो गाळला असेल, तर या संपादनाने कथेचे नुकसानच झाले आहे. कारण खंडणी देऊनही शत्रू हटत नाही, हाती काहीच उरत नाही, तेव्हा हिज्कीया धमकीचे पत्र घेऊन मंदिरात जातो आणि ते देवासमोर उलगडून ठेवतो. भरवसा येथे पराक्रमाचे रूप घेत नाही; सगळे उपाय थकलेल्या माणसाची ती कृती आहे. भरवशाची चर्चाही सर्वाधिक कोणाच्या तोंडी आहे, तर शत्रूचा वकील रब्शाके याच्या. तुमची भिस्त कशावर, हा त्याचा एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत तटाखालून वर येत राहतो.

या प्रसंगी हिज्कीयाने केलेली प्रार्थना बारकाईने वाचावी. अश्शूरी राजांनी राष्ट्रे उद्ध्वस्त केली हे तो मान्य करतो, सुटका मागतो. पण स्वतःच्या पुण्याईचा उल्लेखही करीत नाही. पुढच्याच अध्यायात तो मरणासन्न आजारी पडतो, तेव्हाची प्रार्थना निराळी आहे. मी तुझ्यासमोर कसा सरळपणे चाललो याची आठवण कर, असा तिचा रोख आहे. मृत्युशय्येवरील माणसाच्या या विनवणीला गर्व म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही 'मी' येथे प्रथम प्रवेश करतो, आणि आयुष्याची पंधरा वर्षे वाढवून मिळाल्यावर तो विस्तारत जातो. बाबेलच्या मरोदख-बलदान राजाचे दूत समाचाराला येतात. हिज्कीया त्यांना सोने, रुपे, सुगंधी द्रव्ये, शस्त्रागार, सारे काही दाखवितो. यशया विचारतो, त्यांनी काय पाहिले? उत्तरात घर 'माझे' आहे, भांडारेही 'माझी' आहेत. मंदिरात उलगडलेले पत्र आणि राजवाड्यात उघडलेली कोठारे, ही दोन्ही दृश्ये दाखविण्याचीच आहेत. पहिल्यात रितेपण देवापुढे मांडले आहे, दुसऱ्यात भरलेपण परक्यांपुढे. या अध्यायात भिस्त ठेवण्याचा शब्दच येत नाही.

कालक्रमाचा मुद्दा येथे महत्त्वाचा ठरतो. आजारपणातील वचनात नगर अश्शूरच्या हातून सोडविण्याचे आश्वासन अजून भविष्यकाळात आहे. मरोदख-बलदानाची बाबेलमधील दुसरी, अल्पकाळची सत्ता इ.स.पू. ७०३ ची, आणि खंडणीत रिकामी झालेली कोठारे कोणाला दाखविणार? तेव्हा दूतांची भेट प्रत्यक्षात वेढ्याच्या आधीची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात व ते पटण्यासारखे आहे. असे असेल तर ती कथेत शेवटी ठेवणे हा ग्रंथकाराचा निर्णय आहे. घटना जशा घडल्या तशा न मांडता त्याने सुटकेनंतर वैभवाचे प्रदर्शन आणले, आणि त्यामागोमाग बाबेलच्या बंदिवासाचे भाकीत.

'इतिहास'कार हे प्रकरण अवघ्या काही ओळींत आटोपतो, पण गर्व हा शब्द तोच उच्चारतो. हिब्रूतील प्रयोग अंतःकरण उंच होण्याचा आहे. मराठीत 'अहंकार' म्हटले की सांख्य-वेदान्ताची परिभाषा सोबत येते व उंचीची ही प्रतिमा पुसली जाते. 'राजे'मध्ये तर यशयाने सन्हेरीबाला दोष देताना उंच केलेल्या डोळ्यांचा आणि पर्वतशिखरे चढल्याच्या बढाईचाच उल्लेख केला आहे. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे दिसते, की जी उंची तटाबाहेरच्या शत्रूत होती ती आता तटाच्या आत आली आहे. हिज्कीया पुढे नमला असे 'इतिहास'कार नोंदवितो. दूतांच्या वेळी मात्र त्याच्या मनात काय आहे हे कळावे म्हणून देवाने त्याला एकटे सोडले, असे त्याचे स्पष्ट विधान आहे. परीक्षेची भाषा तो सैन्याच्या संदर्भात वापरीत नाही, पाहुण्यांच्या संदर्भात वापरतो.

'राजे'मध्ये असा निवाडा नाही. वंशज बाबेलात नेले जातील हे ऐकून हिज्कीया ते वचन चांगले आहे म्हणतो; आपल्या हयातीत शांतता राहील, एवढे त्याला पुरते. ही नम्र स्वीकृती की पुढच्या पिढीविषयीची बेफिकिरी, यावर भाष्यकारांत एकमत नाही. बेफिकिरीचा अर्थ अधिक संभवनीय वाटतो; कारण पत्र उलगडणाऱ्या राजाने सर्व लोकांसाठी मागणे मागितले होते, आणि येथे भाकीत ऐकूनही तो एकही प्रार्थना करीत नाही.