उडत आली तेवढीच विमानं

मागच्या जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवनला गेले होते. सस्क्वेहाना नदीच्या काठावर छोटासा विमानतळ आहे आणि तिथे १९८६ पासून उन्हाळ्यात जुन्या हलक्या विमानांचा मेळावा भरतो. नाव ‘सेंटिमेंटल जर्नी’. मालक आपापलं विमान स्वतः उडवत आणतात, गवतावर लावतात आणि पंखाखाली तंबू ठोकून राहतात. आपल्याकडे जत्रेला बैलगाडीखाली मुक्काम करायचे तसंच.

बहुतेक विमानं पिवळी. पायपर कब, जे-३. १९३७ मध्ये ब्रॅडफर्डचा कारखाना जळाला म्हणून पायपर कंपनी इथल्या एका बंद रेशीम गिरणीत आली आणि १९४७ पर्यंत तिने सुमारे वीस हजार कब बनवली. १९७२ च्या पुराने कारखाना बुडाला, १९८४ मध्ये कंपनीने गावच सोडलं. म्हणजे ही विमानं एका अर्थी माहेरी येतात.

आधी जे आवडलं ते सांगते. कबला बॅटरी नसते, स्टार्टर नसतो. कोणीतरी समोर उभं राहून हाताने प्रोपेलर फिरवतं. एकटा वैमानिक मागच्या सीटवर बसतो, नाहीतर तोल बिघडतो. इंधनाचं मापक तर बघत राहावं असं आहे. टाकीत एक बूच तरंगतं, त्याला तार, आणि ती तार झाकणातून वर डोकावते, वैमानिकाच्या काचेसमोर. तार खाली गेली की इंधन संपत आलं. मोजमाप म्हणजे काय हे शिकवायला मला कोणी सांगितलं तर मी या बुचापासून सुरुवात करीन. काचेआड ठेवलेल्या वस्तूतून हे इतकं सहज कळत नाही, आणि मेळाव्याची खरी ताकद इथेच आहे.

आता तक्रार. ती मेळावा भरवणाऱ्यांबद्दल नाही, त्यावरून आपण सगळे जे निष्कर्ष काढतो त्याबद्दल आहे. दिवसभरात एक वाक्य मी तीन-चार वेळा ऐकलं: तेव्हाची बनावटच पक्की होती, बघा, ऐंशी वर्षांनीही उडतंय. मीही मान डोलावली. माझं संशोधन पोलादी नळ्या आतून गंजण्यावर आहे, तरीही डोलावली!

कबच्या पंखाला आधार देणारे तिरके दांडे असतात, लिफ्ट स्ट्रट. मूळचे स्ट्रट पूर्ण बंद नव्हते. आत ओल शिरायची, खालच्या टोकाला साचायची आणि नळी आतून गंजायची. बाहेरचा रंग मात्र झकास. म्हणून अमेरिकेच्या विमान नियामकाने आदेश काढला: दर २४ महिन्यांनी तपासा, नाहीतर सीलबंद स्ट्रट बसवा आणि या तपासणीतून सुटा. कापडाचंही तेच. पूर्वी सुती असायचं, आता बहुतेक ठिकाणी पॉलिएस्टर. मग ऐंशी वर्षं नक्की काय टिकलं? थोडा सांगाडा, नोंदणीची पाटी, आणि एकामागून एक मालकांची चिकाटी. ‘बनावट पक्की’ हे वाक्य पुराव्यापेक्षा बरंच मोठं आहे.

आणि दुसरी अडचण त्याहून खोल. उडत येणं ही या मेळाव्याची प्रवेशाची अटच आहे. जी पडली, कुजली, पुरात गेली ती गवतावर दिसणारच नाहीत.

इथे कोणीतरी अब्राहम वॉल्डचं नाव घेईलच. दुसऱ्या महायुद्धात परतलेल्या विमानांवरच्या छिद्रांवरून न परतलेल्यांचा अंदाज कसा बांधायचा, याचं गणित त्याने मांडलं. (लाल ठिपक्यांचं ते प्रसिद्ध चित्र त्याच्या अहवालातलं नाही, फार नंतरचं आहे. सेमिनारमध्ये लावताना सांभाळून.) तो गेला तोही विमान अपघातातच, १९५० मध्ये, आपल्याकडे व्याख्यानांसाठी आलेला असताना, निलगिरीत.

पण ‘वाचलेल्यांचा पक्षपात’ एवढं म्हणून थांबणं आळशीपणा आहे. दोन गोष्टी वेगळ्या करा. प्रयोग संपेपर्यंत जी नळी गळली नाही, तिचं आयुष्य ‘निदान इतकं’ हे आपल्याला ठाऊक असतं. ती तक्त्यात असते, फक्त आकडा अपुरा. याला सेन्सरिंग म्हणतात. जी वस्तू आपल्या तक्त्यात कधी आलीच नाही, ती होती हेही आपल्याला कळत नाही. ते ट्रंकेशन. पहिल्यासाठी चांगल्या पद्धती आहेत. दुसऱ्यात वस्तू आपल्या नजरेत कधीपासून आली हे ठाऊक असेल तर काही दुरुस्ती करता येते, पण न दिसलेल्यांबद्दल काहीतरी गृहीत धरावंच लागतं.

हे सगळं मला गवतावर बसून, लिंबू सरबत पीत सुचलं आणि पोटात गोळा आला. माझ्या तिसऱ्या प्रकरणात पाच नळ्या नाहीत. पहिल्या आठवड्याच्या तपासणीआधीच त्या गळल्या होत्या. ‘सदोष नमुने’ असं वहीत लिहून मी त्या बाजूला ठेवल्या होत्या. पाचातल्या तीन लेप दिलेल्या गटातल्या होत्या. आणि लेपामुळे आयुष्य वाढतं, हाच माझा निष्कर्ष! वाईट म्हणजे हे नाइलाजाचं ट्रंकेशनसुद्धा नव्हतं. त्या नळ्या सात दिवसांच्या आत गेल्या हे मला माहीत होतं. माहिती हातात होती, मीच ती तक्त्याबाहेर काढली होती.

रात्री घरी येऊन वही काढली. दोन नळ्यांच्या जोडात खरंच दोष होता, फोटो आहेत. त्या वगळण्याचं कारण आता मजकुरात लिहिलंय. उरलेल्या तीन परत घेतल्या, त्यातल्या दोन लेपाच्या. दोन गटांतला फरक राहिला, पण अंतर इतकं कमी झालं की सारांशातलं ‘लक्षणीय’ काढावं लागलं. गाईडना मेल केली तेव्हा साडेबारा वाजले होते. त्यांचं उत्तर सकाळी आलं: आधीच्या बॅचची वहीही घेऊन ये.